ॲबस्ट्रॅक्ट नाउन ओळखता येतं, मग वाक्यात का चुकतं?

हा प्रश्न तीन पदरी आहे. इंग्रजीतलं ॲबस्ट्रॅक्ट नाउन, म्हणजे आपलं भाववाचक नाम, खात्रीने ओळखायचं कसं? विशेषणावरून किंवा क्रियापदावरून ते तयार करताना कोणता प्रत्यय लावायचा? आणि याद्या तोंडपाठ असूनही लिहिताना चुका का होतात?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरुवात करू. 'ॲबस्ट्रॅक्ट' हे अर्थावरून पाडलेलं वर्गीकरण आहे. वाक्य बांधताना मात्र इंग्रजीत पाहिलं जातं ते वेगळंच: हे नाम मोजता येणारं आहे की नाही? आधी 'अ' येणार का, शेवटी एस लागणार का, 'मेनी' म्हणायचं की 'मच', हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. 'आयडिया' भाववाचक आहे आणि मोजता येतं: वन आयडिया, टू आयडियाज. 'ॲडव्हाइस'ही भाववाचकच, पण मोजता येत नाही. उलट 'फर्निचर' डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, चार माणसं ते उचलून नेतात, तरी इंग्रजीत त्याचं अनेकवचन होत नाही. शाळेत बहुधा एका दमात सांगून टाकतात की भाववाचक नामाचं अनेकवचन होत नाही आणि त्याला आर्टिकल (अ, ॲन, द) लागत नाही. हा नियम अर्धाच खरा आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका या अर्धवट नियमातून निघतात.

ओळखायचं कसं

व्याकरणाच्या पुस्तकांत गुण, क्रिया आणि अवस्था अशी तीन घरं असतात. काइंडनेस हा गुण, लाफ्टर ही क्रिया, चाइल्डहुड ही अवस्था. कला आणि शास्त्रांची नावंही यातच धरतात: म्युझिक, ग्रामर, केमिस्ट्री.

नेहमी सांगितली जाणारी कसोटी पंचेंद्रियांची: जे दिसत नाही, हाताला लागत नाही, ते भाववाचक. सुरुवातीला ती कामाची आहे, पण लवकरच अडते. हवा दिसत नाही, तरी 'एअर' हे द्रव्यवाचक नाम. भूत कुणी पाहिलेलं नाही, पण 'घोस्ट' हे सामान्यनामच, कारण कल्पनेत का होईना, तो एक स्वतंत्र जीव आहे. उलट 'नॉइज' कानाला ऐकू येतो, 'हीट' अंगाला जाणवते, आणि ही नामं कुठल्या घरात टाकायची याबद्दल पुस्तकांचंच एकमत नसतं.

त्यापेक्षा भरवशाची कसोटी म्हणजे नाम फोडून त्याचं वाक्य होतं का ते पाहणं. 'द काइंडनेस ऑफ द नर्स' फोडलं की 'द नर्स इज काइंड' मिळतं. 'द अरायव्हल ऑफ द ट्रेन' फोडलं की 'द ट्रेन अराइव्ह्ड'. 'हर चाइल्डहुड' फोडलं की 'शी वॉज अ चाइल्ड'. 'द डोअर ऑफ द हाउस' मात्र असं फुटत नाही. दार घराचं असलं तरी ती स्वतंत्र वस्तू आहे. भाववाचक नाम दुसऱ्या कुणाच्या तरी आधाराने असतं. कुणीतरी दयाळू असल्याशिवाय दया नाही, काहीतरी आल्याशिवाय आगमन नाही. फक्त 'टीचर', 'ओनर' यांसारखी कर्त्याची नावं यात ओढू नका. ती माणसाची नावं आहेत, कृतीची नाहीत.

या कसोटीचा खरा उपयोग एकच शब्द दोन कामं करतो तेव्हा होतो. 'द डेकोरेशन टुक थ्री अवर्स' यात सजवण्याची कृती आहे, म्हणून भाववाचक. 'द डेकोरेशन्स आर फॉलिंग ऑफ' यात तोरणं आणि पताका आहेत, म्हणजे वस्तू. पेंटिंग, बिल्डिंग, कलेक्शन यांचंही तसंच. 'ब्यूटी' म्हणजे सौंदर्य, पण 'शी वॉज अ ब्यूटी' म्हणजे ती सुंदर स्त्री होती. 'यूथ' म्हणजे तारुण्य, 'अ यूथ ऑफ ट्वेंटी' म्हणजे वीस वर्षांचा तरुण. त्यामुळे वाक्य न देता नुसता शब्द देऊन 'नामाचा प्रकार ओळखा' म्हटलं, तर अशा शब्दांचं पूर्ण उत्तर देताच येत नाही.

काही नामं दुसऱ्या शब्दावरून आलेली नसतात: लक, पीस, फन, आयडिया. ती फुटत नाहीत. तिथे आकार, वजन, जागा यांपैकी काही आहे का एवढं बघा. काहीच नसेल तर ती भाववाचक. आणि होप, फिअर, लव्ह, नीड, चेंज, रिस्पेक्ट हे शब्द जसेच्या तसे नाम आणि क्रियापद दोन्ही असतात. आधी माय, हर, ग्रेट असं काही आलं तर नाम; काळ बदलून रूप बदलत असेल तर क्रियापद.

प्रत्यय कोणता लावायचा

इंग्रजीत प्रत्ययांची दोन घराणी आहेत. नेस, डम, हुड, शिप आणि टीएच हे जुन्या इंग्रजीतले, घरचे. इटी, शन, मेंट, अन्स, सी हे फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला, पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून भर घातली, आणि शब्दांबरोबर त्यांचे प्रत्ययही आले. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपला 'पणा' कुठेही चालतो: चांगुलपणा, साधेपणा, अगदी स्मार्टपणासुद्धा. पण 'ता' आणि 'त्व' यांना संस्कृत शब्द लागतो: नम्रता, गुरुत्व. 'चांगलता' कुणी म्हणत नाही. 'नेस' हा इंग्रजीतला 'पणा' समजा. विशेषणाचं नाम आठवत नसेल तर नेस लावणं हा सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग.

इटी कुठे लागतो हे विशेषणाच्या शेवटावरून बरंचसं कळतं. शेवट एबल किंवा इबल असेल तर जवळपास नेहमी इटी: पॉसिबल–पॉसिबिलिटी, रिस्पॉन्सिबल–रिस्पॉन्सिबिलिटी. अल, इव्ह, इक असेल तरी पुष्कळदा तोच: इक्वल–इक्वॅलिटी, ॲक्टिव्ह–ॲक्टिव्हिटी, इलेक्ट्रिक–इलेक्ट्रिसिटी. यात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, इटीच्या लगेच आधीच्या अक्षरावर सरकतो, म्हणून 'रिअल'चं नाम 'रिॲलिटी' असं ऐकू येतं. ओयूएस शेवट असलेल्या विशेषणांमध्ये मात्र फाटे फुटतात: क्युरिअस–क्युरिऑसिटी, जेनरस–जेनरॉसिटी, पण सीरिअस–सीरिअसनेस, नर्व्हस–नर्व्हसनेस.

अंट किंवा एंट शेवट असेल तर टी काढून सीई किंवा सीवाय लावायचं: इम्पॉर्टंट–इम्पॉर्टन्स, पेशंट–पेशन्स, अर्जंट–अर्जन्सी, फ्लुअंट–फ्लुअन्सी. इथे स्पेलिंगची एक किल्ली फुकट मिळते. विशेषणात ए असेल तर नामातही ए, विशेषणात ई असेल तर नामातही ई. 'इम्पॉर्टन्स'मध्ये ए आणि 'पेशन्स'मध्ये ई का, हे वेगळं पाठ करायची गरज नाही. एटीई शेवट असेल तर बऱ्याचदा टीई जाऊन सीवाय येतं: ॲक्युरेट–ॲक्युरसी, प्रायव्हेट–प्रायव्हसी, लिटरेट–लिटरसी.

टीएच प्रत्यय लागताना बऱ्याचदा मधला स्वर बदलतो: लाँग–लेंग्थ, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ, डीप–डेप्थ, वाइड–विड्थ, ब्रॉड–ब्रेड्थ. 'हाय'चं नाम 'हाइट', शेवटी टीएच नाही; 'हाइथ' ही चूक 'लेंग्थ' आणि 'विड्थ'च्या संगतीने होते. उलटा गोंधळ स्पेलिंगमध्ये दिसतो. हाइट आणि वेट यांचा शेवट जीएचटी आहे, म्हणून मुलं 'लेंग्थ'च्या शेवटीही एचटी लिहितात. लेंग्थ आणि स्ट्रेंग्थमध्ये टी आधी, एच नंतर.

क्रियापदांत एक सुंदर जोडी-नियम आहे, तो फारसा सांगितला जात नाही. क्रियापदाच्या शेवटी झ किंवा व्ह असा घोष, म्हणजे कंठ थरथरून निघणारा, ध्वनी असेल, तर पुष्कळदा नामात त्याच्या जागी स किंवा फ येतो: ॲडव्हाइझ–ॲडव्हाइस, यूझ–यूस, एक्स्क्यूझ–एक्स्क्यूस, बिलीव्ह–बिलीफ, प्रूव्ह–प्रूफ, रिलीव्ह–रिलीफ, लिव्ह–लाइफ. यातल्या काही जोड्यांचं स्पेलिंग तेच राहतं, फक्त उच्चार बदलतो. 'यूस' आणि 'एक्स्क्यूस' तसे आहेत. 'ॲडव्हाइस'मध्ये मात्र नामाला सी आणि क्रियापदाला एस, आणि ब्रिटिश पद्धतीने 'प्रॅक्टिस'लाही तेच.

जिथे हमखास अक्षर गळतं ते शब्द असे. प्रोनाउन्सचं प्रनन्सिएशन करताना मधला ओ जातो. एक्स्प्लेनचं एक्स्प्लनेशन करताना आय जातो. मेन्टेनमधलं दुसरं एआय जाऊन मेन्टेनन्समध्ये नुसता ई येतो. आर्ग्यूचा ई आर्ग्युमेंटमध्ये नाही, ट्रूचा ई ट्रूथमध्ये नाही. हॅपीचा वाय हॅपिनेसमध्ये आय होतो. ओपननेसमध्ये मात्र एकही अक्षर जात नाही, म्हणून त्यात दोन एन. बिझी असण्याची अवस्था हवी असेल तर वाय तसाच ठेवून नेस लावतात, कारण आय केला की तो 'बिझनेस', म्हणजे धंदा होतो.

पुअर–पॉव्हर्टी, प्राउड–प्राइड, वाइज–विझडम, हॉट–हीट, चूज–चॉइस, लूज–लॉस, थीफ–थेफ्ट हे सरळ पाठ करावे लागतात. तिथे नियम शोधण्यात वेळ घालवू नका.

एका शब्दाची दोन नामं असतील तर अर्थ तपासा. पैशाची गरिबी म्हणजे पॉव्हर्टी. दर्जा हलका असणं म्हणजे पुअरनेस. दगडाचा टणकपणा हार्डनेस. माणसाचे हाल हार्डशिप. निरीक्षण म्हणजे ऑब्झर्व्हेशन. व्रत किंवा नियम पाळणं म्हणजे ऑब्झर्व्हन्स. 'किंगडम' कित्येक याद्यांमध्ये भाववाचक म्हणून छापतात, पण त्याचा रोजचा अर्थ राज्य, म्हणजे भूभाग. राजेपणासाठी किंगशिप आहे. परीक्षेत 'अराइव्ह'चं नाम विचारलं तर 'अरायव्हिंग' लिहू नका. आयएनजी जवळजवळ कुठल्याही क्रियापदाला लागतो. परीक्षकाला हवं असतं ते शब्दकोशात स्वतंत्र नोंद असलेलं नाम, म्हणजे अरायव्हल.

मराठी कुठे साथ देते, कुठे फसवते

'इन्फर्मेशन्स' ही चूक टाळायला इंग्रजी नियमाची गरजच नाही. आपणही 'माहित्या' म्हणत नाही. प्रगती, मदत, नशीब हेही आपण मोजत नाही आणि इंग्रजीतही प्रोग्रेस, हेल्प, लक मोजत नाहीत. फसगत होते ती मराठीत अनेकवचन आहे आणि इंग्रजीत नाही अशा शब्दांत: सल्ले, बातम्या, पुरावे, कामं. 'आय हॅव मेनी वर्क्स टु डू' या वाक्याच्या मागे 'मला खूप कामं आहेत' हे अगदी शुद्ध मराठी वाक्य उभं असतं. म्हणून ॲडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, वर्क या चार शब्दांना वहीत लाल खूण करा. न्यूजच्या शेवटी एस असला तरी क्रियापद 'इज'च.

मोजायचंच असेल तर तीन वाटा आहेत. पहिली, 'अ लॉट ऑफ', 'सम', 'मच' वापरून मोजणं टाळायचं: अ लॉट ऑफ वर्क. दुसरी, आधी एकक लावायचं: अ पीस ऑफ ॲडव्हाइस, अ स्ट्रोक ऑफ लक, ॲन ॲक्ट ऑफ काइंडनेस, अ फिट ऑफ अँगर. तिसरी, त्याच अर्थाचं मोजता येणारं दुसरं नाम घ्यायचं: ॲडव्हाइसऐवजी सजेशन, वर्कऐवजी जॉब किंवा टास्क, ट्रॅव्हलऐवजी ट्रिप किंवा जर्नी, होमवर्कऐवजी असाइनमेंट. बोलण्यात ही तिसरी वाट सगळ्यात सहज वाटते. प्रत्येक ठिकाणी 'पीस ऑफ' आलं की वाक्याला शाळेच्या फळ्याचा वास येतो.

याच्या उलटही आहे. डिसिजन, मिस्टेक, ओपिनिअन, हॅबिट, प्रॉमिस, प्रॉब्लेम ही सगळी भाववाचक नामं बिनधास्त मोजता येतात. तिथे 'भाववाचक नामाला अ लागत नाही' हा नियम आठवून कुणी 'आय मेड मिस्टेक' लिहिलं तर तीच चूक ठरते. थँक्स आणि काँग्रॅच्युलेशन्स तर नेहमी अनेकवचनात. मराठीत 'अभिनंदन' एकवचनी दिसतं म्हणून शुभेच्छापत्रावर 'काँग्रॅच्युलेशन' लिहिलेलं पुष्कळदा आढळतं.

सगळ्यात नाजूक गट दोन्हीकडे जाणाऱ्या नामांचा. 'एक्स्पीरिअन्स' हा नोकरीच्या अर्जात रोज लागणारा शब्द घ्या. कामातून साठत गेलेलं ज्ञान या अर्थी तो मोजत नाहीत: फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स. घडलेला एखादा प्रसंग या अर्थी मोजतात: अ स्ट्रेंज एक्स्पीरिअन्स, एक्स्पीरिअन्सेस इन अ न्यू सिटी. अर्जात 'आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्सेस' लिहिलं की वाचणारा तिथेच अडखळतो. सक्सेस, फेल्युअर, डिफिकल्टी, टाइम यांचंही असंच: साठा म्हणून न मोजता, एक घटना किंवा एक वस्तू म्हणून मोजून. 'द प्ले वॉज अ सक्सेस' यात तो एक प्रयोग यशस्वी झाला, म्हणून 'अ'. पण ॲडव्हाइस, प्रोग्रेस, इन्फर्मेशन, लक, फन यांना रोजच्या इंग्रजीत ही मुभा नाही. काही नामांचा अर्थ अनेकवचनात बदलतो: मॅनर म्हणजे पद्धत, मॅनर्स म्हणजे शिष्टाचार, कस्टम म्हणजे रूढी, कस्टम्स म्हणजे सीमाशुल्क खातं.

आर्टिकल

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही. गोष्ट सर्वसाधारणपणे बोलायची असेल तर काहीच लावायचं नाही: ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी, लाइफ इज शॉर्ट. तीच गोष्ट ठरावीक माणसाला किंवा प्रसंगाला बांधली की 'द': द ऑनेस्टी ऑफ द कंडक्टर. 'कोणाचा? कुठला?' असं विचारा. उत्तर वाक्यात असेल किंवा ऐकणाऱ्याला आधीच माहीत असेल तर 'द' लावा.

एक बारकावा लक्षात ठेवा. नुसतं विशेषण आलं म्हणून नाम बांधलं जात नाही, 'ऑफ' आल्यावर बहुधा बांधलं जातं. म्हणून 'इंडियन म्युझिक', पण 'द म्युझिक ऑफ इंडिया'. 'मॉडर्न लाइफ', पण 'द लाइफ ऑफ अ फार्मर'. निबंधात 'द मॉडर्न लाइफ इज फुल ऑफ स्ट्रेस' दिसलं की समजावं, विशेषण पाहून 'द' टाकला आहे.

आणखी एक आडवळण आहे. न मोजल्या जाणाऱ्या काही नामांना विशेषण लागल्यावर 'अ' चालतो: अ गुड एज्युकेशन, अ गुड नॉलेज ऑफ मराठी, अ ग्रेट हेल्प. हे पाहून 'अ गुड ॲडव्हाइस' किंवा 'अ गुड प्रोग्रेस' लिहू नका. ती दोन्ही चूक आहेत. कुठे चालतो आणि कुठे नाही याला सोपा नियम नाही, शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं.

'मला राग आला' याचं इंग्रजी

मराठी आणि इंग्रजी यांतला हा फरक समजला की निम्म्या चुका आपोआप जातात. मराठीत भावना हीच वाक्याचा कर्ता असते आणि माणूस 'ला' लावून बाजूला बसतो. मला राग आला, तिला आनंद झाला, त्याला भूक लागली, आम्हांला भीती वाटली. राग, आनंद, भूक, भीती ही चारही भाववाचक नामं. इंग्रजीत माणूस कर्त्याच्या जागी येतो आणि भावना विशेषण होते: आय गॉट अँग्री, शी वॉज हॅपी, ही इज हंग्री, वी वेअर अफ्रेड. इथे मराठी नामाला इंग्रजी नाम जोडत गेलं की 'आय ॲम हंगर' किंवा 'अँगर केम टु मी' असली वाक्यं तयार होतात.

'ला' आणि भावनेचं नाम असं मराठी वाक्य दिसलं की आधी विशेषण शोधा. खात्री आहे: आय ॲम शुअर. कंटाळा आला: आय ॲम बोअर्ड. लाज वाटते: आय ॲम अशेम्ड. आश्चर्य वाटलं: आय वॉज सरप्राइज्ड. अभिमान वाटतो: आय ॲम प्राउड. काही ठिकाणी विशेषण नाही, प्रिपोझिशन (इन, ऑन, ऑफ यांसारखा शब्द) लागतं. 'मला घाई आहे' म्हणजे 'आय ॲम इन अ हरी', आणि यातला 'अ' सोडायचा नाही. भावनेचं नाम इंग्रजीत येतं ते बहुधा भावनेविषयी काही सांगायचं असतं तेव्हा: हिज अँगर फ्राइटन्ड द चिल्ड्रन.

क्रियापदाचं नाम झालं की प्रिपोझिशन लागतं

'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइझ ऑन', 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' या चुका स्पर्धा परीक्षांच्या 'चूक शोधा' प्रश्नांत वारंवार येतात, आणि त्यांचं मूळ भाववाचक नामात आहे. क्रियापदाला कर्म थेट जोडता येतं: वी डिस्कस्ड द प्लॅन. त्याच क्रियापदाचं नाम झालं की ती ताकद जाते आणि मध्ये प्रिपोझिशन घालावं लागतं: अ डिस्कशन अबाउट द प्लॅन. एम्फसाइझ द पॉइंट, पण एम्फसिस ऑन द पॉइंट. अटॅक द फोर्ट, पण ॲन अटॅक ऑन द फोर्ट. व्हिजिट पुणे, पण अ व्हिजिट टु पुणे. आन्सर द क्वेश्चन, पण द आन्सर टु द क्वेश्चन. लॅक करेज, पण अ लॅक ऑफ करेज. आपल्या कानावर नामाचं रूप जास्त पडतं, म्हणून त्याचं प्रिपोझिशन क्रियापदालाही चिकटतं. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. 'धिस इज अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर.

विशेषणाचं नाम होतानाही प्रिपोझिशन बदलू शकतं. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर. 'शी टेक्स प्राइड ऑफ हर वर्क' यात 'ऑफ' आला तो प्राउडच्या सवयीने.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

मनातलं मराठी असं: 'सरांनी मला खूप चांगले सल्ले दिले. त्यांच्या अनुभवांमुळे माझ्या अभ्यासात चांगली प्रगती झाली आणि मला आत्मविश्वास आला.' शब्दाला शब्द जोडला की होतं: 'माय टीचर गेव्ह मी मेनी गुड ॲडव्हाइसेस. बिकॉज ऑफ हिज एक्स्पीरिअन्सेस देअर वॉज अ गुड प्रोग्रेस इन माय स्टडी अँड द कॉन्फिडन्स केम टु मी.'

'मेनी ॲडव्हाइसेस'च्या जागी 'अ लॉट ऑफ गुड ॲडव्हाइस', किंवा मोजायचंच असेल तर 'मेनी गुड सजेशन्स'. 'एक्स्पीरिअन्सेस' इथे प्रसंग नाहीत, शिकवण्यातला मुरलेला अनुभव आहे, म्हणून एकवचन. 'अ गुड प्रोग्रेस' मधला 'अ' काढायचा, आणि प्रगती 'झाली' असं न ठेवता ती करणारा माणूस पुढे आणायचा: आय मेड गुड प्रोग्रेस इन माय स्टडीज. शिक्षण घेण्याच्या अर्थी 'स्टडीज' अनेकवचनातच येतं. 'कॉन्फिडन्स केम टु मी' हे 'मला राग आला'च्या जातीचं वाक्य. तिथे विशेषण घ्या: आय बिकेम मोअर कॉन्फिडंट. पूर्ण वाक्य असं: 'माय टीचर गेव्ह मी अ लॉट ऑफ गुड ॲडव्हाइस. बिकॉज ऑफ हिज एक्स्पीरिअन्स, आय मेड गुड प्रोग्रेस इन माय स्टडीज अँड बिकेम मोअर कॉन्फिडंट.'

वही करताना नुसता शब्द आणि त्याचा अर्थ लिहू नका. नामासोबत त्याचं क्रियापद, प्रिपोझिशन आणि मोजण्याची खूण लिहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात बहुतेक नामांपुढे सी किंवा यू असं अक्षर असतं: सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजलं जाणारं. दोन्ही खुणा असतील तर बहुधा दोन अर्थ असतात, दोन्हींचं एकेक वाक्य उतरवा. सुरुवातीला या पाच नोंदी पुरेत: 'प्रोग्रेस, यू, मेक प्रोग्रेस इन', 'अटेन्शन, यू, पे अटेन्शन टु', कारण लक्ष 'देतात' ते मराठीत, 'मिस्टेक, सी, मेक अ मिस्टेक', डू नाही, 'प्राइड, यू, टेक प्राइड इन', 'एक्स्पीरिअन्स, यू: टेन इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स, सी: अ स्ट्रेंज एक्स्पीरिअन्स'.